हिरव्या इमारतीचा मीटर

गेल्या काही वर्षांत आपल्याकडच्या महाविद्यालयांच्या फाटकाशी एक नवी पाटी दिसू लागली आहे. 'हरित परिसर', 'सौरऊर्जायुक्त आवार' असे काहीसे तिच्यावर लिहिलेले असते. खाली संच किती किलोवॅटचा ते असते, आणि उद्घाटन कोणाच्या शुभहस्ते झाले तेही. अशी पाटी दिसली की आम्ही दोन साधे प्रश्न विचारतो. या संचाने गेल्या वर्षभरात किती युनिट वीज दिली? आणि या आवाराने त्याच वर्षात किती युनिट वीज वापरली? बहुतेक ठिकाणी उत्तर मिळते ते किलोवॅटमध्ये, म्हणजे पाटीवरचाच आकडा पुन्हा ऐकायला मिळतो. एका ठिकाणी तर मीटरच्या खोलीची किल्ली कोणाकडे असते याचा शोध घेण्यात अर्धा तास गेला. किल्ली मिळाली, मीटरही छान चालू होता. नोंदवही मात्र नव्हती.

हे आठवण्याचे कारण म्हणजे या वेळी आम्हाला एका पाठ्यपुस्तकाचे परीक्षण करायचे आहे, आणि ते पाठ्यपुस्तक कागदाचे नसून विटा, काच आणि लाकूड यांचे आहे. अमेरिकेतील ओहायो राज्यात ओबर्लिन नावाचे छोटेसे गाव आहे. रसायनशास्त्राच्या शिक्षकांना ते वेगळ्या कारणाने ठाऊक असायला हरकत नाही. तिथल्या महाविद्यालयातून १८८५ साली पदवी घेतलेल्या चार्ल्स मार्टिन हॉल या तरुणाने पुढच्याच वर्षी घराच्या लाकडाच्या खोपटात विद्युत अपघटनाने ॲल्युमिनिअम वेगळे केले. आज जगातले जवळजवळ सगळे ॲल्युमिनिअम त्याच तत्त्वावर तयार होते, आणि एक किलो ॲल्युमिनिअमला १३ ते १५ युनिट वीज लागते. विजेचा हिशेब या गावाला तसा जुनाच.

त्याच महाविद्यालयाच्या आवारात २००० साली पर्यावरण अभ्यासासाठी एक दुमजली इमारत उभी राहिली. नाव 'ॲडम जोसेफ लुइस केंद्र'. तिच्यामागची कल्पना डेव्हिड ऑर या प्राध्यापकांची. त्यांचे म्हणणे शिक्षकांनी जरूर ऐकण्यासारखे आहे. ते म्हणतात की आपण वर्गात काय शिकवतो याची चर्चा खूप करतो, पण ज्या खोलीत शिकवतो ती खोलीही काहीतरी शिकवत असते. दिवसाढवळ्या पडदे ओढून दिवे लावलेला वर्ग मुलांना सांगतो की वीज कुठून येते, किती येते, याची काळजी करण्याचे कारण नाही. पर्यावरणाचा तास अशा खोलीत घेतला तर खोली एक सांगते आणि शिक्षक दुसरे. तेव्हा इमारतच अशी बांधावी की तीच धडा होईल. विल्यम मॅक्डोनो या प्रसिद्ध वास्तुशिल्पकाराने ती रचली. त्यांची आवडती उपमा झाडाची: झाड जसे सूर्यावर जगते, वापरते त्यापेक्षा जास्त निर्माण करते, पाणी शुद्ध करते, तशी इमारत असावी.

आणि तशी ती पुष्कळ अंशी आहेही. १३,६०० चौरस फुटांच्या या इमारतीचा दर्शनी भाग दक्षिणेकडे, मोठ्या काचांचा. हिवाळ्यातला तिरपा सूर्य आत खोलवर येतो. (ओहायो आपल्यापेक्षा बरेच उत्तरेला असल्याने तिथे हिवाळ्यात माध्यान्हीचा सूर्यही क्षितिजापासून फार वर चढत नाही. विद्यार्थ्यांना अक्षांशावरून हा कोन काढायला सांगावा.) जमिनीत खोल २४ बोअर घेऊन त्यांतून पाणी फिरवले आहे. जमिनीच्या पोटातले तापमान वर्षभर जवळजवळ स्थिर असते. त्यामुळे हीट पंप हिवाळ्यात तिथून उष्णता वर आणतात आणि उन्हाळ्यात खाली सोडतात. सांडपाणी वनस्पती आणि जिवाणू यांच्या टाक्यांतून स्वच्छ होऊन पुन्हा संडासाच्या टाक्यांत जाते. गालिचासुद्धा विकत न घेता भाड्याने घेतलेला, म्हणजे झिजला की उत्पादक तो परत नेणार आणि त्याचा पुन्हा गालिचा करणार. छतावर ६० किलोवॅटचा सौरसंच. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाने विसाव्या शतकातील ३० महत्त्वाच्या इमारतींत तिची गणना केली. २०१० मध्ये वास्तुशिल्पाच्या एका नियतकालिकाने तज्ज्ञांना विचारले, तेव्हा १९८० नंतरच्या पर्यावरणस्नेही इमारतींत सर्वांत महत्त्वाची म्हणून हिचेच नाव पुढे आले.

पाठ्यपुस्तकाची बांधणी उत्तम, छपाई सुबक, प्रस्तावना मोठ्या माणसांची. आता आतील मजकूर तपासू.

इमारत वापरते त्याहून जास्त ऊर्जा निर्माण करेल, निदान काही काळाने करेल, अशी अपेक्षा सुरुवातीपासून बोलून दाखवली गेली होती. ती बोलून दाखवताना क्रियापदाचा काळ बदलत गेला. 'करेल' चे 'करते' झाले. भाषेच्या शिक्षकांनी लक्ष द्यावे अशी ही जागा आहे. वृत्तपत्रांत, व्याख्यानांत, दुसऱ्यांच्या लेखांत ही इमारत वीज निर्यात करणारी म्हणून वर्णिली जाऊ लागली, आणि त्याच आवारात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एका प्राध्यापकाला ते खटकले. जॉन स्कोफील्ड हे त्यांचे नाव. त्यांनी मीटरचे आकडे घेतले, वर्षभराची बेरीज केली आणि २००२ साली अभियंत्यांच्या एका नियतकालिकात प्रसिद्ध केली. निष्कर्ष असा की इमारत सांगितल्यापेक्षा पुष्कळच जास्त ऊर्जा वापरत आहे आणि छतावरचा संच तिची गरज भागवण्याच्या जवळपासही नाही.

हा हिशेब करायला भौतिकशास्त्राची पदवी लागत नाही. आठवी-नववीचा विद्यार्थी करू शकेल. ६० किलोवॅटचा संच वर्षाचे सर्व तास पूर्ण क्षमतेने चालला असता तर ६० × २४ × ३६५ म्हणजे ५ लाख २५ हजार ६०० युनिट वीज मिळाली असती. पण रात्र असते, सकाळ-संध्याकाळ असते, आणि ओहायोत ढग व बर्फ असतात. प्रत्यक्षात मिळत होती ५५ ते ६० हजार युनिट, म्हणजे कमाल कल्पनेच्या सुमारे ११ टक्के. (महाराष्ट्रातले ऊन बरे. इथे एक किलोवॅटमागे दिवसाला सरासरी चार युनिटच्या आसपास धरतात, म्हणजे वर्षाला १४०० ते १५००. तरीही ती २४ तासांच्या कल्पनेच्या सुमारे १७ टक्केच भरते.) किलोवॅट ही क्षमता आहे आणि युनिट, म्हणजे किलोवॅट-तास, ही प्रत्यक्ष ऊर्जा. नळाची तोटी अर्ध्या इंचाची आहे एवढ्यावरून बादलीत किती पाणी आले ते कळत नाही.

आता खर्चाची बाजू. अमेरिकेच्या राष्ट्रीय अक्षय ऊर्जा प्रयोगशाळेने या इमारतीची सलग मोजणी केली आणि अहवाल २००४ मध्ये दिला. सुरुवातीच्या काळातल्या नियंत्रण-यंत्रणेतील चुका दुरुस्त झाल्यावरही इमारतीचा वापर वर्षाला सुमारे १ लाख २० हजार युनिट होता. महिन्याला १०० युनिट वापरणाऱ्या शंभर घरांइतका. म्हणजे छताने जवळजवळ निम्मी गरज भागवली, त्याहून थोडी कमीच. हे लक्षात घ्या की हा आकडा वाईट नाही. नियमांप्रमाणे बांधलेल्या तेवढ्याच साध्या इमारतीपेक्षा हिचा वापर बराच कमी होता. 'निम्मी वीज छतावरून घेणारी, जपून वापरणारी इमारत' असे कोणी लिहिले असते तर ती चांगली बातमी ठरली असती आणि खरीही. पण बातमी आधीच 'निर्यात करणारी इमारत' अशी गेली होती. एका खऱ्या यशाला मोठ्या खोट्याच्या शेजारी उभे केले की ते अपयश दिसू लागते. शाळेच्या निकालाच्या जाहिरातींत आपण हे पाहतोच.

ऊर्जा जात कुठे होती? त्याचे एक उत्तर शिकण्यासारखे आहे. जमिनीतून उष्णता आणणारे हीट पंप होते, पण इमारतीचा काही भाग तापवण्यासाठी विजेवर चालणारा बॉयलरही बसवला होता. बॉयलर म्हणजे पाणी तापवायच्या आपल्या रॉडचाच मोठा भाऊ. एक युनिट वीज दिली की एक युनिट उष्णता मिळते, रतीभरही जास्त नाही. हीट पंपाला एक युनिट वीज दिली तर तो जमिनीतून आणखी दोन युनिट उष्णता ओढून आणतो आणि तीन युनिट आत सोडतो. तीन युनिट उष्णतेसाठी एकाला एक युनिट वीज लागते, दुसऱ्याला तीन. एकाच इमारतीत दोघे शेजारी नांदत होते.

इथेच आणखी एक पायरी खाली उतरले पाहिजे, कारण स्कोफील्ड यांच्या टीकेचा सर्वांत टोकदार भाग हा आहे. मीटर इमारतीच्या दारात असतो. पण वीज दारात तयार होत नाही. ओहायोत तेव्हा ती मुख्यतः कोळशावर होत होती, आपल्याकडे चंद्रपूर-कोराडीला होते तशी, आणि अशा केंद्रात कोळशाच्या उष्णतेपैकी साधारण एक तृतीयांशच विजेच्या रूपाने बाहेर पडते. बाकीची शीतक मनोऱ्यांतून आणि धुराड्यातून जाते. म्हणून तीन युनिट उष्णता मिळवण्याचे तीन मार्ग घेऊ. विजेचा बॉयलर: दारातला मीटर दाखवतो ३ युनिट, कोळशाकडून गेले ९. वायूवर चालणारी चांगली भट्टी: दारात सुमारे ३.३ युनिटचा वायू, आणि स्रोतापाशीही जवळजवळ तेवढाच. हीट पंप: दारात १ युनिट, कोळशाकडून ३. आता पाहा, दारातल्या मीटरवर विजेचा बॉयलर वायूच्या भट्टीपेक्षा काटकसरी दिसतो. प्रत्यक्षात तो जवळजवळ तिप्पट उधळ्या आहे. इमारतीच्या छपराला धुराडे नाही म्हणून ती स्वच्छ, असे म्हणणे म्हणजे ते धुराडे दुसऱ्याच्या गावात आहे एवढेच.

(ग्रिडमध्ये सूर्य आणि वारा यांचा वाटा जसजसा वाढतो तसतसा हा तिपटीचा गुणक कमी होत जातो. त्यामुळे २००२ चे गणित आज जसेच्या तसे कोणी कोठेही लावू नये. आपल्या राज्यात मात्र कोळशाचा वाटा अजून इतका आहे की गणित करून पाहिल्याशिवाय सुटका नाही.)

पुढे २००६ मध्ये इमारतीच्या वाहनतळावर आणखी १०० किलोवॅटचा संच उभारला गेला. वर्षभराच्या हिशेबात निर्मितीने खर्चाला गाठण्याची शक्यता खऱ्या अर्थाने त्यानंतर आली. यावर आमचे मत थोडे मिश्र आहे. छत पुरले नाही म्हणून अंगणाची मदत घेतली, यात गैर काहीच नाही. गैर होते ते छत पुरते असे आधीच सांगणे. शिवाय 'शून्य ऊर्जा' हा शब्द ऐकून विद्यार्थ्यांना वाटते की अशा इमारतीची तार कापली तरी चालेल. तसे नसते. उन्हाळ्याच्या दुपारी जास्तीची वीज ग्रिडला दिली जाते आणि डिसेंबरच्या रात्री तीच ग्रिड इमारतीला ऊब देते. शून्य हे ३१ डिसेंबरला वहीत मांडलेले शून्य आहे. ते मांडायला हरकत नाही, पण ती वजाबाकी कुठल्या दोन मोठ्या आकड्यांची आहे तेही शेजारी लिहावे.

स्कोफील्ड यांनी हीच चिकित्सा पुढे आवाराबाहेर नेली. अमेरिकेत 'लीड' नावाचे हरित मानांकन आहे. आपल्याकडेही ते चालते आणि 'गृह' हे आपले स्वतःचे मानांकनही आहे. २००८ मध्ये 'लीड' मिळालेल्या १२१ इमारतींच्या प्रत्यक्ष वापराचे आकडे एका संस्थेने गोळा केले आणि या इमारती देशाच्या सरासरीपेक्षा सुमारे एक चतुर्थांशाने काटकसरी आहेत असे जाहीर केले. कॅनडातील संशोधकांनी तेच आकडे २००९ मध्ये पुन्हा तपासले. त्यांना आढळले की सरासरीने या इमारती चौरस फुटामागे १८ ते ३९ टक्के कमी ऊर्जा वापरतात, पण त्यांतील २८ ते ३५ टक्के इमारती आपल्या तोडीच्या साध्या इमारतींपेक्षा जास्त वापरतात. त्याच वर्षी, त्याच आकड्यांवर स्कोफील्ड यांनी तिसरे गणित केले. त्यांच्या मते इमारतींच्या दारात मोजले तर थोडीशी बचत दिसते, आणि स्रोतापाशी मोजले तर काहीच दिसत नाही.

आकडे तेच आणि उत्तरे तीन, हे कसे? कोणी फसवणूक केली असे समजण्याचे कारण नाही. सरासरी काढण्याच्या रीतीत गोम आहे. समजा तीन इमारती आहेत. दोन लहान, हजार-हजार चौरस फुटांच्या, आणि एक मोठी, वीस हजारांची. साध्या इमारतीला चौरस फुटामागे १० युनिट लागतात असे धरू. दोन्ही लहान इमारतींनी ४० टक्के बचत केली, मोठीने काहीच केली नाही. आता ४०, ४० आणि ० यांची सरासरी सुमारे २७ टक्के. पण प्रत्यक्षात २ लाख २० हजार युनिटपैकी वाचले फक्त ८ हजार, म्हणजे ४ टक्केसुद्धा नाहीत. हवेत जाणारा कार्बन डायऑक्साइड टक्क्यांची सरासरी ओळखत नाही, तो एकूण युनिट ओळखतो. वर्गात सरासरीचे प्रकरण शिकवताना क्रिकेटच्या धावांऐवजी हे उदाहरण घ्यावे अशी आमची सूचना आहे. मोठी इमारतच जर निष्काळजी असेल तर लहानांचे कौतुक किती करायचे, हा प्रश्न मुले स्वतःच विचारतील.

आणि तो प्रश्न ओबर्लिनलाच लागू पडतो. ज्या वर्षांत जगभरातून पाहुणे येऊन लुइस केंद्राचे फोटो काढत होते, त्या वर्षांत त्याच महाविद्यालयाची वसतिगृहे, प्रयोगशाळा आणि ग्रंथालय तापवणारी मध्यवर्ती वाफेची भट्टी कोळसा जाळत होती. कोळसा थांबला २०१४ साली. सुंदर धड्याचे एक पान उघडून ठेवायचे आणि बाकीचे पुस्तक मिटलेले, असा हा प्रकार झाला. महाविद्यालयाने पुढे बाकीचे पुस्तकही उघडले हे मान्य केले पाहिजे. २०२१ पासून वाफेच्या जुन्या नळ्या काढून गरम पाण्याचे जाळे टाकण्याचे आणि त्याला जमिनीखालची उष्णता पुरवण्यासाठी सुमारे ८५० बोअर, प्रत्येकी ६०० फूट खोल, घेण्याचे काम हाती घेतले गेले. २४ बोअरवर शिकलेला धडा ८५० वर गिरवला गेला असे म्हणता येईल. पण या कामाची चित्रे कोणी भिंतीवर लावत नाही, कारण नळ्या जमिनीखाली असतात.

आता या पाठ्यपुस्तकातला आम्हाला सर्वांत आवडलेला भाग सांगतो. गंमत अशी की तो वास्तुशिल्पकाराच्या आराखड्यात नव्हता. इमारतीत दीडशेहून अधिक संवेदक बसवले होते, आणि त्यांचे आकडे दारातल्या पडद्यावर कोणालाही दिसत. जॉन पीटरसन या प्राध्यापकांना आणि त्यांच्या विद्यार्थ्यांना वाटले की हेच वसतिगृहांत का करू नये? २००५ मध्ये त्यांनी वसतिगृहांची दोन आठवड्यांची वीज-पाणी बचतीची स्पर्धा घेतली. दोन वसतिगृहांना त्या-त्या क्षणाचा वापर पडद्यावर दिसत होता. बाकीच्यांना आठवड्यातून एकदा मीटर वाचून आकडा कळवला जात होता. निकाल असा: सर्व मिळून विजेत ३२ टक्के घट, ६८,३०० युनिटची बचत. क्षणाक्षणाला आकडा दिसणाऱ्यांत घट ५५ टक्के, इतरांत ३१. पाण्यात मात्र सगळ्यांची मिळून जेमतेम ३ टक्के.

संशोधकांनी ही बचत १ लाख ४८ हजार पौंड कार्बन डायऑक्साइडची असल्याचे सांगितले. पौंडाचे किलो करून युनिटने भागा. एका युनिटमागे जवळजवळ एक किलो येते. तेव्हाच्या ओहायोची वीज किती कोळशाची होती ते या एका भागाकारात दिसते.

५५ टक्क्यांचा आकडा पुढे फार फिरला. पण समीक्षकाचे काम करायचे तर काही प्रश्न विचारलेच पाहिजेत. वसतिगृहे फक्त दोन होती, त्यावरून सर्वसाधारण नियम काढता येत नाही. दोन आठवडे माणूस पणाला लागून अंधारातही बसतो, सहा महिने बसत नाही. ग्रंथालयात जाऊन अभ्यास केला तर वसतिगृहाचा मीटर मंदावतो आणि ग्रंथालयाचा धावतो, आणि स्पर्धा तर वसतिगृहाच्या मीटरची असते. दिवस मोठे होत जाण्याच्या काळात तुलना केली तर सूर्यही स्पर्धेत भाग घेतो. हे सर्व ध्यानात घेऊनही आम्हाला तो प्रयोग मोलाचा वाटतो, आणि त्याचे कारण ५५ हा आकडा नाही. कारण ३ हा आकडा आहे. ज्या संशोधकांनी बचतीचा झेंडा रोवायचा त्यांनीच पाणी वाचले नाही हे शीर्षस्थानी छापले. विजेचा दिवा एका बोटाने विझतो. आंघोळ ही सवय आहे, ती चुरशीने कमी होत नाही, असा आमचा तर्क. तुमच्या वसतिगृहातल्या मुलांना विचारून पाहावे.

लुइस केंद्राच्या बाबतीत ऑर आणि स्कोफील्ड यांच्यात कोण बरोबर, असे आम्हाला नेहमी विचारले जाते. इमारत हा धडा असावा हे ऑर यांचे म्हणणे आम्हाला पूर्ण पटते. पण तो धडा पुरा झाला तो स्कोफील्ड यांनी तपासल्यावर. एकाच आवारातल्या लाडक्या प्रकल्पावर, सहकाऱ्याच्या स्वप्नावर, आकडे घेऊन बोट ठेवणे सोपे नसते. अशा माणसाला पर्यावरणाचा विरोधक ठरवणे मात्र फार सोपे असते. आपल्याकडच्या शिक्षक-खोलीत हे घडले असते तर काय झाले असते, याची कल्पना वाचकांनीच करावी.

आपल्याकडे २०१७ च्या सुधारणेनंतर 'नॅक'च्या मूल्यांकनात अपारंपरिक ऊर्जा, ऊर्जाबचत, हरित लेखापरीक्षण यांना जागा मिळाली. हे चांगले झाले. पुरावा म्हणून ठिकाणाची नोंद असलेली छायाचित्रे जोडायची असत. छायाचित्रात सौर पॅनेल दिसते, त्यावरची धूळही कधीकधी दिसते. वर्षाचे युनिट दिसत नाहीत. त्यामुळे संस्था छायाचित्र काढण्यात तरबेज झाल्या, आणि त्याबद्दल त्यांना दोष देता येत नाही. जे विचारले त्याचेच उत्तर विद्यार्थी लिहितो.

शाळांना असे काही कोणी विचारत नाही, हे एका अर्थी बरेच आहे. तेव्हा एक छोटा प्रयोग सुचवतो. शनिवारी शाळा सुटल्यावर, शिपाईकाकांनी कुलूप लावण्यापूर्वी, दोन विद्यार्थ्यांनी महावितरणच्या मीटरचा आकडा आणि वेळ वहीत लिहावी. सोमवारी शाळा उघडताच पुन्हा लिहावी. मधल्या तासांनी युनिटांना भागावे. एका तालुक्याच्या गावातील शाळेत आम्ही हे केले तेव्हा ४० तासांत ६० युनिट गेले होते. म्हणजे कुलूपबंद, निर्मनुष्य शाळा सतत दीड किलोवॅट वीज वापरत होती. मग नववीची मुले कागद घेऊन खोल्याखोल्यांतून फिरली. पाणी थंड करणारे यंत्र सापडले, संगणक-कक्षातील बॅटऱ्यांचा संच सापडला, मागच्या व्हरांड्यातले दिवसाही जळणारे दोन दिवे सापडले. या सगळ्यांची बेरीज दीड किलोवॅटपर्यंत पोचेना. सुमारे चारशे वॅटचा पत्ता लागत नव्हता. तीन शनिवार गेले. शेवटी एका मुलीने टाकीकडे कान लावला: तरंगता गोळा अडकलेला होता, टाकी वाहत होती आणि पंप मधूनमधून आपोआप सुरू होत होता.

ज्या शाळा हा प्रयोग करतील त्यांनी शनिवार-सोमवारचे आकडे, शाळेच्या खोल्यांची संख्या आणि न सापडलेले वॅट किती, एवढे आम्हाला पोस्टकार्डावर कळवावे. छायाचित्र पाठवू नये.